चौदा सालात राहणारा माणूस

दुपारची जेवणं उरकून मी दिवाणावर अंग टाकते. झोपायचं नसतं, नुसती पाठ टेकायची असते. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो. रस्त्यावरच्या भंगारवाल्याची हाक पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येते. तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "ते पुस्तक उलटं ठेवलंयस."

डोळे न उघडताच मी म्हणते, "ठेवलंय तर ठेवलंय."

मग लक्षात येतं, आवाज कोणाचा आहे ते. डोळे उघडते, किंवा उघडल्यासारखं वाटतं. वेताच्या खुर्चीत हे बसलेत. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर बनियन, चष्मा कपाळावर चढवलेला.

हे म्हणजे प्राध्यापक जिनदत्त मगदूम, माझे यजमान. मिरजेत एका कॉलेजात यांनी उभा जन्म इतिहास शिकवला आणि मागच्या श्रावणात ते गेले. शिकवायला शिवकालापासून सगळं होतं, पण स्वतः राहायचे ते एकाच ठिकाणी, एकोणीसशे चौदा सालच्या युरोपातल्या उन्हाळ्यात. ऑस्ट्रियाच्या एका राजपुत्राचा खून झाला आणि महिना-सव्वा महिन्यात अख्खा युरोप एकमेकांच्या उरावर बसला. ते कसं झालं, कोणाला थांबवता आलं असतं का, यावर यांचं पुस्तक चाललं होतं. तीस वर्षं चाललं होतं. माहेरच्या लग्नात पंगतीला बसले तरी शेजारच्याला विचारायचे, "ऑस्ट्रियानं सर्बियाला दिलेला खलिता वाचलाय का तुम्ही?" तो बिचारा मठ्ठ्याची वाटी हातात धरून बसायचा.

आता ती सगळी पुस्तकं मी खोक्यांत भरलीत. साबणाची, बिस्किटांची, मिळतील ती खोकी. उद्या कॉलेजच्या ग्रंथालयाचा टेंपो येणार आहे. आणि आज हे हजर.

"एवढं लांबून आलात ते हे सांगायला?" मी म्हणते.

"मग काय सांगू?"

"काहीही. कशी आहेस, जेवलीस का, असं काहीतरी."

"जेवलीस का?"

"जेवले."

"मग ते पुस्तक सरळ कर. बांधणी उसवेल त्याची."

कपाळ माझं. मी उठते, खोक्यात हात घालते. पुस्तक हाताला लागत नाही. हाताला लागतं ते गार संगमरवरी टेबल, आणि टेबलावर चांदीच्या ताटलीत कॉफीचा पेला, शेजारी पाण्याचा छोटा ग्लास. वर उंच छत आहे, झुंबरं आहेत. काळ्या कोटातला वेटर माझ्या जुन्या नऊवारीकडे न बघितल्यासारखं करतोय. आजूबाजूला मिशांना पीळ दिलेले लोक वर्तमानपत्रं वाचतायत. एकेक वर्तमानपत्र लाटण्यासारख्या लांब काठीला अडकवलेलं आहे. भिंतीवर मात्र आमच्याच हॉलमधलं घड्याळ आहे, बंद पडलेलं.

"व्हिएन्ना," हे म्हणतात. चेहरा कसा उजळलाय! आमच्या लग्नाच्या फोटोत असा नाही. "जुलै महिना. बघ, कोणाच्या तोंडावर काळजी दिसते का? अर्धं शहर सुट्टीवर जायच्या तयारीत आहे. हा कोपऱ्यातला माणूस गेले तासभर संगीतावर भांडतोय. मागच्या साली इथं एका मैफलीत श्रोत्यांनी एकमेकांच्या थोबाडीत मारल्या, माहितीये?"

"मिरजेत असं कधी झालं नाही. आणि आपल्याकडं गाण्यातलं कळतंही जास्त."

"तोच तर मुद्दा आहे. या लोकांना सगळं कळत होतं. गाणं, चित्रं, मन, विज्ञान..."

"अहो, मला एक विचारायचंय."

"एक मिनिट."

हे 'एक मिनिट' मी सगळा संसारभर ऐकलं. पोळी ताटात गार व्हायची, गॅसवाला दारात ताटकळायचा, पाहुणे परत जायचे. एक मिनिट. आता मेलेल्या माणसाला कसली घाई आणि कसलं मिनिट, पण सवय सुटत नाही.

"खून कसा झाला ते सांगतो," हे कॉफीत चमचा फिरवत म्हणतात. "सारायेवो गाव. राजपुत्र आणि त्याची बायको उघड्या मोटारीतून चाललेत. सकाळीच त्यांच्यावर बॉम्ब फेकला होता. तो चुकला, मागच्या गाडीतली माणसं जखमी झाली. आता कोणीही शहाणा माणूस काय करील?"

"घरी जाईल."

"हां! पण हा नगरभवनात गेला. स्वागताचं भाषण ऐकलं. आणि पुन्हा त्याच उघड्या मोटारीत बसून निघाला. ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळला, गाडी थांबली, आणि नेमका तिथंच मारेकरी उभा. दोन गोळ्या. एक नवऱ्याला, एक बायकोला. लोक विचारतायत, फार लागलंय का? आणि हा म्हणतो, काही नाही. पुन्हा विचारतात. काही नाही, काही नाही. असं म्हणत म्हणतच गेला."

मी पेला बाजूला सारते. हे मी शंभरदा ऐकलंय. वर्गातल्या पोरांनीही ऐकलंय, दरवर्षी. पण आज मला हातातला चमचा फेकून मारावासा वाटतो.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी विचारते.

"मी?"

"तुम्हीच. गेलात त्या दिवशी सकाळी कंपाउंडपाशी छाती चोळत उभे होतात. शेजारच्या कदमांनी बघितलं. विचारलं, काय होतंय मास्तर? तुम्ही म्हणालात, काही नाही. त्यांना बजावलंत, सुनीतीला कळवू नका, ती कोल्हापूरला बहिणीकडं गेलीये, उगाच धावत येईल. सकाळचा बॉम्ब पडला होता ना तुमचा? मग? मिरजेत राहता तुम्ही! जिथं कर्नाटकातनं लोक गाड्या करून दवाखान्यात येतात, तिथं तुम्हाला कोपऱ्यावर जाता आलं नाही? रिक्षा करता आली नाही?"

मिशीवाले लोक वर्तमानपत्रांतून डोकी वर काढतात. वेटर बिल आणतो.

"लोक बघतायत," हे हळूच म्हणतात.

"बघू देत. शंभर वर्षांपूर्वीचे लोक. मला काय त्यांचं!"

मी खुर्ची मागे सरकवून उठते आणि दाराकडे जाते. दार ढकलते ते आमच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं. तोच हिरवा रंग, तोच ओल धरलेल्या भिंतींचा वास. मी इथं नोकरी केली, बोर्ड हातानं चालवायचे तेव्हापासून, निवृत्त होईपर्यंत. बोर्डावर दिवे लुकलुकतायत. माझी खुर्ची रिकामी आहे म्हणून मी बसते, डोक्यावर हेडफोन चढवते. हातांना सगळं आठवतं. पण भोकांखालच्या पट्ट्यांवर सांगली, जयसिंगपूर, कुडची नाही. बर्लिन, पीटर्सबर्ग, पॅरिस, लंडन लिहिलंय, देवनागरीत, यांच्या तिरप्या अक्षरात.

हे माझ्या पाठीशी येऊन उभे राहतात.

"बघ, पीटर्सबर्गचा दिवा लागला. झारचा हुकूम आहे, सगळं सैन्य गोळा करा म्हणून. काल त्यानं एकदा तो दिला होता आणि परत घेतला होता. जर्मनीचा कैसर नात्यातला. त्याची तार आली, आणि याचं मन द्रवलं. एक दिवस, सुनीती. एक दिवस सगळं थांबलं होतं! आज पुन्हा हुकूम निघतोय."

"मग मी ही लाइन देतच नाही," मी म्हणते. दोर हातात घट्ट धरून ठेवते. "लाइन व्यस्त आहे म्हणून सांगते. पंचवीस वर्षं सांगत आले, अजून एकदा."

"तुझ्यानं थांबणार नाही ते. हुकूम तारेनं गेलाय. आणि त्यांचा सेनापती काय म्हणाला होता, सांगितलं होतं ना मी तुला? तू टेलिफोनमधली म्हणून मुद्दाम सांगितलं होतं. तो म्हणाला, यापुढं मी माझा टेलिफोनच मोडून टाकतो. म्हणजे पुन्हा थांबा म्हणून सांगायला कोणी मला गाठूच शकणार नाही."

आठवतंय. सांगताना हसत होते. मीसुद्धा हसले होते, भाजी निवडता निवडता.

दोर माझ्या हातातून गळून पडतो.

"आणि तुमचा मोबाईल?" मी म्हणते. "तुमचा मोबाईल मला कुठं सापडला, सांगू? साखरेच्या डब्यामागं. बंद करून ठेवलेला. मी कोल्हापुरातनं फोन लावतेय, लावतेय. बहीण म्हणते, झोपले असतील. मी म्हणते, झोपले असते तर मोबाईल उशाशी वाजला असता. मी टेलिफोनमध्ये उभी हयात काढली हो! जगातल्या सगळ्यांना सगळ्यांशी जोडून दिलं. लोकांची बाळंतपणं, लोकांची मरणं, सगळं माझ्या कानावरून गेलं. आणि माझ्या स्वतःच्या नवऱ्याचा फोन मला लागला नाही. का बंद केला होतात?"

हे बोर्डाकडे बघतात. "त्या सेनापतीचं असं होतं, की..."

"त्या सेनापतीला घाला चुलीत! मी तुमचं विचारतेय. कुठल्या राजधानीत कुठल्या दिवशी कुठली तार आली, ते तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. स्वतःचा हात कधीपासून दुखत होता, ते सांगता येत नाही?"

हे चष्मा काढून बनियनच्या टोकानं पुसतायत. माझ्या पाठीमागं सगळ्या युरोपचे दिवे लागलेत आणि मी एकालाही उत्तर देत नाही. वाजत बसू देत.

"आदल्या रात्रीपासून," शेवटी हे म्हणतात.

"काय?"

"हात. आदल्या रात्रीपासून दुखत होता. तू निघालीस तेव्हाही दुखत होता."

"मग मी दारात उभी राहून विचारलं, बरं आहे ना, तेव्हा?"

"काही नाही म्हणालो."

"आणि मोबाईल?"

"तुझा फोन आला असता तर बोलावं लागलं असतं. आवाजावरून तू ओळखलं असतंस. तू फोनवर कोणालाही ओळखतेस, खोटं बोलणाऱ्याला तर लगेच." हे चष्मा परत कपाळावर चढवतात. "आणि सांगितलं असतं, तर ते खरं झालं असतं. मी घाबरलो होतो, सुनीती."

एवढ्या वर्षांत हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकलेला नाही. मुलगा होऊन दोन दिवसांत गेला तेव्हाही नाही. तेव्हा हे इस्पितळाच्या व्हरांड्यात उभं राहून कोणालातरी त्याच युद्धातल्या मार्नच्या लढाईबद्दल सांगत होते. तेव्हापासून मी समजून चालले होते, या माणसाला आतून काही होतच नाही.

मला रडू यायला हवं. पण येतो तो संतापच.

"मग घाबरायचं की माझ्यासमोर!" मी ओरडते. "त्यासाठीच तर लग्न करतात माणसं. एकट्यानं घाबरायचं होतं तर माझ्या वडिलांना कशाला तसदी दिली?"

हे हसतात. खरंच हसतात, आणि माझा हेडफोन हळूच काढून ठेवतात.

"चल," म्हणतात, "गाडीची वेळ झाली."

फलाटावर केवढी गर्दी! मिरज जंक्शनचाच हा फलाट, तोच दगडी जिना, तीच पाण्याची टाकी, पण वर झेंडे लावलेत आणि बँड वाजतोय. पोरसवदा जर्मन शिपाई लाकडी डब्यांत चढतायत. बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचलेली. बायका त्यांना सॉसेज देतायत, सिगारेटी देतायत, कोणी गळ्यात पडतायत. एक म्हातारी शिपायाच्या कॉलरचं बटण लावून देतेय आणि तो लाजतोय. डब्यांच्या बाहेरच्या फळ्यांवर खडूनं मोठमोठ्या अक्षरांत काहीबाही लिहिलेलं आहे. पोरं लिहितायत आणि खिदळतायत.

"काय लिहिलंय?" मी विचारते.

"पॅरिसची सहल." हे वाचून दाखवतात. "झाडांची पानं गळायच्या आत घरी परत येणार आहेत म्हणे."

"आणि येतात का?"

बटण लावून घेतलेला पोरगा डब्यात चढतो आणि खाली वाकून हात देतो. हे त्याचा हात धरतात आणि चढतात. पायजमा, बनियन, पायात स्लिपर. त्या सगळ्या गणवेशांमध्ये हे एकटे असे, दूध आणायला निघाल्यासारखे.

"अहो! तुम्ही कुठं?"

"ही पोरं चाललीत तिकडंच."

"पुढं काय होणार ते तुम्हाला पाठ आहे. तारखांसकट पाठ आहे. तरी चढताय?"

"माहीत असून माणूस थांबतोच असं नाही गं. तीस वर्षं मी दुसरं काय लिहीत होतो? फक्त वाटायचं, ते राजे-महाराजे आणि मुत्सद्दी असे होते. मीही तसाच निघालो."

शिट्टी होते. बँडचा आवाज वाढतो. यांचा चेहरा असा काही शांत आहे की मला अजूनच चीड येते. आपलं सांगून मोकळे झाले, आता सुखानं चालले. मागं साबणाची खोकी कोण उचलणार, कदमांच्या तोंडाला तोंड कोण देणार, एकटीसाठी चार पोळ्यांची कणीक कोण मळणार?

माझ्या शेजारच्या शिपायाच्या हातात खडूचा तुकडा आहे. मी तो हिसकावून घेते. "ए बाई," असं काहीतरी तो त्याच्या भाषेत म्हणतो. मी लक्ष देत नाही. गर्दीत कोपरं मारत डब्याला भिडते आणि 'पॅरिसची सहल'च्या वर, जमेल तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिते. फळी खडबडीत आहे. खडू करकरतो.

डबा हलतो.

हे दारातून बाहेर वाकतात, मान वेळावून मी लिहिलेलं वाचतात. कपाळावरचा चष्मा खाली घेतात आणि पुन्हा वाचतात.

"सुनीती," म्हणतात.

"काय?"

"थाबा लिहिलंयस. अनुस्वार राहिला."

देवा! मेले, जळाले, राख कृष्णेत गेली, गाडी सुटली, महायुद्ध लागलं, आणि हा माणूस माझं शुद्धलेखन तपासतोय!

"तुम्ही ना!" मी ओरडते. आणि धावायला लागते. गुडघे दुखतायत, निऱ्या पायात येतायत, फुलं चपलांखाली चिरडली जातायत. डबा पुढं, मी मागं. हे दारात उभे राहून बोट दाखवतायत, "इकडं, अजून थोडं वर, 'था'च्या डोक्यावर." गाडी वेग घेते. मीही घेते, आयुष्यात घेतला नव्हता असा. फलाट संपत आलाय. खडू केव्हाच झिजून गेलाय, बोटांत नुसती भुकटी उरलीये. मी हात उंच करते, उडी मारल्यासारखं करते आणि बोट फळीवर दाबते.

"आता बरोबर आहे," हे म्हणतात.

गाडी पुढं जाते. लांबवर, धुरात, पांढरं अक्षर न् अक्षर दिसतंय. थांबा. ती काही थांबत नाही.

भंगारवाला पुन्हा ओरडतो, अगदी खिडकीखाली. पंखा डोक्यावर गरगरतोय. मी दिवाणावर आहे. वेताच्या खुर्चीत कोणी नाही, वर्तमानपत्राची घडी तेवढी आहे. खोकी होती तशीच आहेत.

मी उठते. पुन्हा झोपायचं नाही म्हणून गॅसवर चहाचं आधण ठेवायला जाते आणि काडेपेटी उचलताना थबकते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकावर पांढरं आहे. उजेडाकडं धरून बघते. वास घेते. खडू. हे निवृत्त झाल्यापासून या घरात खडूचा कण आलेला नाही.

बारीक, गोल, अनुस्वाराएवढा.

काय म्हणावं आता या माणसाला! काडी ओढायला हात पुढं होतो आणि मी तो मागं घेते. वैताग नुसता. आजचा चहा डाव्या हातानं करायचा.